पिल्लांची लापशी आणि मेलनबींचा शोध

कुत्र्याच्या तयार खाद्याची पिशवी उलटी करून पाहिली, तर मागे बारीक अक्षरांत एक यादी दिसते. प्रथिने, स्निग्धांश, तंतुमय पदार्थ, आर्द्रता आणि त्यानंतर कॅल्शियम, फॉस्फरस, ‘ड’ जीवनसत्त्व. विकत घेणाऱ्याची नजर बहुधा पुढच्या बाजूवरच्या तुकतुकीत लॅब्रॅडॉरवर खिळलेली असते, त्यामुळे ही यादी वाचली जातेच असे नाही. मात्र तिच्यातल्या शेवटच्या तीन नावांमागे एका ब्रिटिश वैद्यकाची जवळजवळ आयुष्यभराची मेहनत आहे. सर एडवर्ड मेलनबी हे त्यांचे नाव. त्यांना बरे करायचे होते ते माणसांच्या मुलांना, पण त्यासाठी त्यांनी खाऊ घातले ते कुत्र्यांच्या पिल्लांना. पुढे त्यांच्याच कामातून कुत्र्यांच्या खाद्यातला एक विषारी पदार्थही उघडकीस आला.

मेलनबी यांचा जन्म ८ एप्रिल १८८४ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील वेस्ट हार्टलपूल या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. एडवर्ड घरातले शेंडेफळ. थोरला भाऊ जॉन हाही पुढे नावाजलेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाला. बार्नार्ड कॅसल शाळेतून एडवर्ड केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात गेले आणि तिथे त्यांना फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे गुरू लाभले. प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ आणि क्षार एवढ्यावर प्राणी जगत नाही, अन्नात आणखी काहीतरी सूक्ष्म असावे लागते, हा विचार पुढे याच हॉपकिन्स यांनी प्रयोगांनी पक्का केला. मेलनबी यांनी त्यांच्या हाताखाली दोन वर्षे संशोधन केले, मग लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण पुरे केले. १९१३ पासून ते लंडनमधील मुलींच्या किंग्ज कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. पुढच्याच वर्षी त्यांचा मे ट्वीडी यांच्याशी विवाह झाला. मे स्वतः शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापिका होत्या आणि लग्नानंतरही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही.

याच सुमारास सरकारच्या नव्या वैद्यकीय संशोधन समितीने तिशीतल्या मेलनबींकडे मुडदुसाचा प्रश्न सोपवला. त्या काळी ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत मुडदूस हा घराघरातला आजार होता. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटे सुजलेली, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी, उशिरा येणारे दात. मुले यातून सहसा मरत नसत, पण हाडे कायमची वेडीवाकडी होत. मुलीच्या कटीचे हाड आक्रसले, तर ती मोठी झाल्यावर बाळंतपणात तिच्या जिवावर बेतत असे. हा आजार कशाने होतो याविषयी मात्र एकमत नव्हते. कोणी जंतूंना दोष देई, कोणी अनुवंशाला. ग्लासगोतील संशोधकांचा एक वजनदार गट म्हणत होता की दोष कोंदट घरांचा आणि हालचाल न मिळण्याचा आहे. लिओनार्ड फिंडले यांनी १९०८ मध्ये कोंडून ठेवलेल्या पिल्लांना मुडदूस होतो हे दाखवलेही होते. किनारपट्टीवरच्या लोकांना कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण ठाऊक होता, पण डॉक्टरांच्या लेखी ते आजीबाईच्या बटव्यातले औषध होते.

मेलनबी यांनीही पिल्लेच निवडली. त्यांचे वेगळेपण होते ते खाण्याचा काटेकोर हिशेब ठेवण्यात. पिल्ले घरात ठेवायची, सगळ्यांना सारखेच खाणे द्यायचे, साय काढलेले दूध आणि पाव किंवा ओटची लापशी. त्या वेळच्या गरीब घरांतली मुले साधारण हेच खात. काही महिन्यांत पिल्लांचे पुढचे पाय वाकू लागत, सांधे फुगत आणि क्षकिरण छायाचित्रांत हाडांची टोके विस्कटलेली दिसत. मग एकेक पदार्थ जोडून पाहायचा. यीस्ट दिले, फरक नाही. संत्र्याचा रस दिला, फरक नाही. जवसाचे तेल दिले, तरीही नाही. लोणी दिले तर आजार रोखला जाई आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले तर तो निश्चितपणे टळे. १९१८ आणि १९१९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि १९२१ मध्ये प्रायोगिक मुडदुसावरचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुडदूस हा मुख्यतः आहारातील उणिवेचा आजार आहे आणि काही प्राणिज स्निग्धांमध्ये त्याला अटकाव करणारा घटक आहे, हे त्यातून पुढे आले.

आजच्या वाचकाला या प्रयोगांत बोचणारी गोष्ट उघड आहे. शेकडो गोजिरवाण्या पिल्लांची हाडे मुद्दाम वाकवली गेली. ब्रिटनमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणारी चळवळ तेव्हाही जोरात होती. त्याच वेळी शहरांतल्या शाळांत वाकड्या पायांची मुले रांगेने बसलेली होती हेही खरे, आणि या प्रयोगांनंतर काही वर्षांतच त्यांच्यावरचा उपाय बाटलीत मिळू लागला. दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात ठेवाव्या लागतात.

तो घटक कोणता, याबाबत मेलनबी यांचा अंदाज थोडा चुकला. तेव्हा स्निग्धात विरघळणारे एकच जीवनसत्त्व माहीत होते, ते ‘अ’. तेच किंवा त्याच्यासारखे काहीतरी असावे, असे त्यांना वाटले. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये यकृताचे तेल तापवून त्यात हवा खेळवली, ‘अ’ नष्ट केले, तरीही ते तेल मुडदूस बरा करत राहिले. म्हणजे हा घटक निराळा होता. त्याला ‘ड’ हे अक्षर मिळाले. दरम्यान जर्मनीत आणि व्हिएन्नात अतिनील किरणांनी आणि उन्हानेही मुले बरी होतात असे दिसले होते. ऊन त्वचेत हेच जीवनसत्त्व तयार करते, हे कळल्यावर ऊन आणि तेल यांचे कोडे सुटले. कोंदट घरांना दोष देणारा ग्लासगोचा गटही अगदीच चूक नव्हता, माणसांच्या बाबतीत तरी.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे आणि ती बऱ्याच पुढे, १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधनातून स्पष्ट झाली. कुत्र्याच्या आणि मांजराच्या त्वचेत उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे बनतच नाही. पिल्लू दिवसभर अंगणात लोळले तरी त्याला हे जीवनसत्त्व वाटीतूनच मिळावे लागते. मेलनबी यांनी कुत्रा निवडला तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याच्या हाडांचे भवितव्य जवळजवळ पूर्णपणे खाण्यावर ठरते, नेमका तोच प्राणी त्यांच्या हाती लागला होता.

पोळी-दूध किंवा भाकरी-दूध घालून कुत्रे पाळण्याची आपल्याकडची जुनी पद्धत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. धान्य आणि दूध, म्हणजे मेलनबींच्या प्रयोगातलाच आहार जवळपास. गावातले कुत्रे त्यावर जगते, कारण ते उकिरड्यावर, खाटकाच्या दुकानाशी आणि शेतात बाकीची भर स्वतः घालते. सदनिकेतल्या जर्मन शेफर्डच्या पिल्लाला ती सोय नसते. उलट टोकाला नुसते बोनलेस चिकन घालणारेही असतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरते. मग रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतूनच ते काढू लागते आणि साध्या उडीनेही पिल्लाचा पाय मोडू शकतो.

मेलनबींना चक्रावून टाकणारी गोष्ट धान्यांच्या बाबतीत होती. ओटमध्ये पांढऱ्या पिठापेक्षा कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त. तरीही ओट खाणाऱ्या पिल्लांना पांढरा पाव खाणाऱ्यांपेक्षा वाईट मुडदूस होई. शिवाय जे पिल्लू झपाट्याने वाढे, त्याला आजार आधी गाठे. धान्यात कॅल्शियमला अडवणारे काहीतरी आहे, असा तर्क त्यांनी केला आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्याचा माग काढला. शेवटी १९३०च्या दशकात ते फायटिक आम्ल असल्याचे निघाले. धान्याच्या कोंड्यातले हे आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते आतड्यात शोषले जात नाही. ‘ड’ पुरेसे असले, कॅल्शियम थोडे वाढवले, तर हा अडसर दूर होतो. म्हणजे धान्य हा कुत्र्याचा शत्रू नाही. धान्यविरहित खाद्याची सध्याची टूम पाहता हे मुद्दाम सांगायला हवे. अशा काही खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ पासून केली. तो संबंध सिद्ध झाला नाही, पण नुसते धान्य वगळले की खाद्य उत्तम होते, यालाही आधार मिळाला नाही.

१९२० मध्ये मेलनबी शेफील्ड विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि तिथल्या रुग्णालयात रुग्णही पाहू लागले. मे यांनी त्याच पिल्लांच्या दातांकडे लक्ष वळवले आणि ‘ड’ कमी पडले की दातांवरचे कवच खडबडीत, सच्छिद्र होते हे दाखवले. मुलांच्या किडक्या दातांवरचे त्यांचे काम पुढे अनेक वर्षे चालले. एडवर्ड यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचाही पाठपुरावा केला. ते न मिळालेल्या पिल्लांत कवटीची हाडे वेडीवाकडी जाड होतात, कानाकडे जाणारी मज्जा त्यात चिरडते आणि पिल्लू बहिरे होते, हे त्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. मज्जातंतूंचा आजार वाटावा आणि मूळ निघावे हाडात, असे हे प्रकरण होते.

१९३३ मध्ये ते वैद्यकीय संशोधन परिषदेचे सचिव झाले. ब्रिटनमधल्या वैद्यकीय संशोधनाच्या नाड्या आता त्यांच्या हाती होत्या. १९३७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. माणूस सडेतोड, प्रसंगी कठोर. पेनिसिलिनचे पेटंट घ्यावे, असा आग्रह अर्न्स्ट चेन यांनी धरला तेव्हा त्याला ठाम नकार देणाऱ्यांत मेलनबी होते. दुसऱ्या महायुद्धात जहाजांतून येणारा गहू वाचवण्यासाठी सरकारने कोंडा जास्त ठेवलेल्या पिठाचा पाव लोकांच्या माथी मारला. अशा पावाबरोबर फायटिक आम्लही वाढणार, हा इशारा पिल्लांनी आधीच दिलेला होता. केंब्रिजमध्ये मॅकॅन्स आणि विडोसन यांनी माणसांवर तोच परिणाम मोजून दाखवला आणि सरकारने पिठात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये गव्हाच्या बहुतेक पिठांत आजही कायद्याने कॅल्शियम घालावे लागते.

साठी उलटलेल्या मेलनबींच्या हातून सर्वांत खळबळजनक काम घडले ते युद्ध संपल्यावर. १९२०च्या दशकापासून ब्रिटन आणि अमेरिकेतल्या कुत्र्यांत एक विचित्र आजार पसरला होता. चांगले खेळते कुत्रे अचानक केकाटत धावत सुटे, भिंतींवर आपटे, मालकाला ओळखेनासे होई आणि मग झटके येऊन कोसळे. याला ‘कुत्र्यांचा उन्माद’ म्हणत. शर्यतीच्या कुत्र्यांचे आणि शिकारी कुत्र्यांचे कळपच्या कळप त्यात सापडत. कोणी जंतांना दोष दिला, कोणी विषाणूला, कोणी जीवनसत्त्वांच्या कमतरतेला. औषधांचा बाजार तेजीत होता.

कुत्र्यांच्या तयार खाण्याचा धंदा तोवर स्थिरावला होता. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या लंडनमधल्या अमेरिकन व्यापाऱ्याने गव्हाचे पीठ, मांस आणि भाज्या घालून कुत्र्यांची बिस्किटे काढली होती. त्यानंतर गव्हाचे पीठ हाच अशा बिस्किटांचा पाया राहिला. शिळा पावही कुत्र्यांच्याच वाट्याला येई. आणि हे पीठ आता पूर्वीचे राहिले नव्हते. ताजे दळलेले पीठ किंचित पिवळसर असते आणि त्याचा पाव नीट फुगत नाही. ते काही आठवडे मुरू द्यावे लागे. गिरण्यांना तेवढा वेळ नको होता. त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायू सोडला की पीठ झटपट पांढरे होई आणि पावही छान फुगे. ‘एजीन’ या नावाने ही प्रक्रिया रूढ झाली आणि ब्रिटनमधले बहुतेक पांढरे पीठ तिच्यातून जाऊ लागले.

मेलनबींच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांनाही अधूनमधून हे झटके येत. त्यांनी मुडदुसाच्या वेळची जुनीच रीत वापरली. एका गटाला एजीन वापरलेले पीठ, दुसऱ्याला तोच गहू पण प्रक्रियेविना. पहिल्या गटातली कुत्री काही दिवसांत उन्मादाने पळू लागली, दुसऱ्या गटात काहीच झाले नाही. पीठ बदलले की आजारी कुत्री सावरत. भाजण्याने विष जात नव्हते, म्हणून बिस्किटही तितकेच घातक होते. डिसेंबर १९४६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे जाहीर केले. पुढच्या तीन-चार वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी तो विषारी पदार्थ वेगळा काढला. गव्हाच्या प्रथिनातल्या मेथिओनिन या अमिनो आम्लावर वायूची क्रिया होऊन मेथिओनिन सल्फॉक्सिमीन तयार होत होते.

यात अडचण ही की तेच पीठ माणसेही खात होती. मेलनबी स्वतः सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख होते आणि दोष दाखवत होते ते सरकारच्या परवानगीने रोज लाखो घरांत जाणाऱ्या पावात. गिरणीवाल्यांचा युक्तिवाद साधा होता, माणसाला झटके आल्याचे एकही उदाहरण नाही. ते खरेच होते. माणसांवर केलेल्या चाचण्यांत काही निघाले नाही आणि मेलनबींनीही तसा दावा केला नाही. त्यांचे म्हणणे वेगळे होते. केवळ रंग आणि फुगवटा यांसाठी अन्नात रसायन घालायचे असेल, तर ते निर्धोक असल्याचे आधी दाखवण्याची जबाबदारी घालणाऱ्याची असावी. १९५१ मध्ये अन्नातल्या रासायनिक फेरफारांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हाच मुद्दा लावून धरला. अमेरिकेने १९४९ मध्येच एजीन बंद केले होते. ब्रिटनमध्ये मात्र वाटाघाटी रेंगाळत राहिल्या.

आज पिशवीमागची यादी वाचताना मेलनबींची ही दोन्ही कामे उपयोगी पडतात. पहिले पाहायचे ते ‘संपूर्ण व संतुलित’ असे लिहिले आहे का आणि कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी. ते नसेल, तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. दुसरे कॅल्शियम. अमेरिकेतील पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या, ‘आफ्को’च्या, मानकांनुसार वाढत्या पिल्लाच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान १.२ टक्के कॅल्शियम हवे. मोठेपणी ३२ किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या होणाऱ्या जातींसाठी त्याची वरची मर्यादा १.८ टक्के आहे, इतरांसाठी २.५. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी नको आणि दुपटीहून जास्त नको. म्हणूनच ग्रेट डेन, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर यांसारख्या पिल्लांना संपूर्ण खाद्याबरोबर वरून कॅल्शियमचे सिरप पाजणे ही आपल्याकडची सर्रास दिसणारी सवय घातक ठरू शकते. जास्तीच्या कॅल्शियमने ग्रेट डेनच्या पिल्लांची हाडे बिघडतात, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाचेही तेच. किलोमागे किमान ५०० आणि कमाल ३,००० एकके अशी मर्यादा आहे, कारण ते शरीरात साठते. २०१९ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या उत्पादकाला डबाबंद खाद्याचे अनेक लॉट परत मागवावे लागले. पुरवठादाराकडून आलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात ‘ड’ वाजवीपेक्षा जास्त होते. कुत्रे अचानक खूप पाणी पिऊ लागले, वारंवार लघवी करू लागले, उलट्या करून अन्न टाळू लागले, तर पशुवैद्याकडे जाताना खाद्याची पिशवी बरोबर न्यावी. लॉट क्रमांक तिच्यावरच असतो. डब्यात ओतून पिशवी फेकून देणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

निवृत्तीनंतर मेलनबी भारतात आले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था उभी राहत होती आणि तिचे पहिले संचालक म्हणून त्यांना बोलावण्यात आले. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा मेलनबी ६६ वर्षांचे होते. संस्थेची घडी बसवून ते त्याच वर्षी मायदेशी परतले आणि लंडनजवळच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत पुन्हा हाडे, जीवनसत्त्वे आणि फायटिक आम्ल घेऊन बसले. ३० जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर काम चालूच होते. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश गिरण्यांतून एजीनचा वापर थांबला. मे मेलनबी त्यांच्यानंतर आणखी २३ वर्षे जगल्या.